येईल ते नावे, जाईल ते जमा



गेला आठवडाभर माझ्या डाव्या अंगठ्याला पट्टी आहे. मंदिरात दोघी-तिघींनी विचारलं, "विळीनं कापलं का हो?" विळीनं नाही, कोरणीनं. कसली कोरणी, असं पुढचं विचारायच्या आत अभिषेक सुरू झाला, म्हणून सांगायचं राहिलं. ते आज सांगते.

आपल्या घरातल्या जुन्या भांड्यांवर नावं असतात, ती बहुतेक ठिपक्यांची असतात. दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस छोट्या हातोडीनं टोकदार खिळा टक्‌टक्‌ मारत जायचा आणि बघता बघता अख्खं आडनाव उमटायचं. पुढे त्या जागी थरथरणारी विजेची मशीन आली. ठिपक्यात धातू नुसता दबतो. कोरण्यात तो निघतो. धारदार पोलादी टोक हातानं पुढे ढकलत धातूचा बारीक कीस काढायचा, म्हणजे मागे रेघ राहते. रेघ चकचकीत दिसते, कारण तिच्या आतल्या दोन भिंती आरशासारख्या असतात. गेली तीन वर्षं मी हे शिकते आहे.

सुरुवात आईच्या डब्यापासून झाली. आई गेल्यावर वर्षभरानं दादा-वहिनींनी भांडी वाटायला काढली. खरं सांगायचं तर माझं लक्ष चांदीच्या ताटावर होतं. वहिनीनं माझ्या हातात पितळी डबा ठेवला. वीतभर उंचीचा, आतून कल्हई केलेला, झाकण किंचित घुमटासारखं. त्यात आई मेतकूट ठेवायची. मी "बरं" म्हणाले आणि येताना गाडीत यांच्याजवळ कुरकुर केली, की डबा देऊन वाटेला लावलं.

घरी येऊन चिंच लावून डबा घासला, तेव्हा अंगावर ठिपके दिसले. अप्पांच्या नावाची आद्याक्षरं, आडनाव आणि "सन १९५८". ते आईअप्पांच्या लग्नाचं साल. डबा आईच्या माहेरून आलेला, साठ वर्षं तो हाताळला आईनं आणि नाव अप्पांचं. यात कुणाचा दोष नाही, तशी रीतच होती. माझ्याही भांड्यांवर यांचंच नाव आहे. पण त्या दिवशी ते डोळ्यांत खुपलं.

झाकणावर आईचं नाव घालून घ्यावं म्हणून मी गुजरीत गेले. एका दुकानात मशीनवर नमुना करून दाखवला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं अक्षर बरं म्हणायचं! मग कुणीतरी मागच्या बोळातल्या अण्णांकडे पाठवलं. अंगठ्या, पाटल्या, करंडे यांच्यावर हातानं वेलबुट्टी कोरण्यात त्यांचा जन्म गेला. आता मुलगा संगणकावर काम करतो. अण्णांनी झाकण उजेडाला धरलं, नखानं वाजवलं आणि म्हणाले, "आक्का, मी करून देतो. पण माझे डोळे आता दुपारनंतर दगा देतात. तुम्हीच शिका की! शनिवारी दोघी पोरी येतात, तुम्ही बसा तिसऱ्या."

मी हसण्यावारी नेलं. पण पुढच्या शनिवारी दोनच्या ठोक्याला तिथे हजर होते.

पहिले तीन शनिवार आम्ही काहीच कोरलं नाही, फक्त धार लावली. बाजारातली तयार परदेशी कोरणी अण्णांना मान्य नाही. लेथवर वापरतात त्या हाय-स्पीड स्टीलच्या चौकोनी कांड्या, तीन मिलिमीटर जाडीच्या, त्यांनी आणायला सांगितल्या. माझ्या धाकट्या दिरांचं शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप आहे. भाऊजींनी दोन कांड्या दिल्या, वर "वहिनी, लेथ पण पाठवू का?" असा टोमणाही दिला. कांडी लाकडी मुठीत बसवायची. मूठ तळहातात मावेल एवढीच, एका बाजूनं चपटी. मग टोकाला तोंड घासायचं ४५ अंशांत. आणि खालच्या दोन कडांना अगदी बारीक, अर्ध्या मिलिमीटरहून लहान, अशी टाच द्यायची १५ अंशांची. सगळी मेख त्या टाचेत आहे. टाच नसली तर टोक धातूत घुसत जातं आणि मोडतं. मोठी झाली तर वळणावर रेघेची कड चेचली जाते. टाचेला पॉलिश नसेल तर रेघ मंद उमटते. धार लागली की नाही हे बघायचं आपल्याच अंगठ्याच्या नखावर. टोक हलकेच टेकवायचं. नखावरून घसरलं तर पुन्हा दगडाकडे, जागच्या जागी रुतलं तर चालेल. कोरता कोरता रेघ बिघडली, की शंभरातल्या नव्वद वेळा चूक हाताची नसते, धारेची असते. मी मात्र महिनाभर हातालाच दोष देत बसले होते.

आता मधेच एक अडचण सांगते, कारण ती आपल्यातल्या बऱ्याचजणींना समजेल.

२०१७ च्या चातुर्मासात मी माताजींकडे परिग्रह-परिमाण व्रत घेतलं. बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार आपण पाठशाळेत म्हणत आलो: क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य, भांड. पहिल्या आठांत माझ्या हाती फारसं काही नव्हतंच. साड्यांची मर्यादा चाळीस घेतली. भांडी आणि घरातली अवजारं मिळून जेवढी त्या दिवशी होती तेवढीच, म्हणजे नवी एक आली की जुनी एक बाहेर. मी बी.कॉम., १९८१ सालची. नुसतं "जेवढी होती तेवढी" म्हणून मला झोप येणार नाही. चमचे-झाऱ्यांसकट मोजली, ३४६ भरली. वही घातली. हिशेब लिहायची पद्धत तीच, जी आम्हाला पहिल्या वर्षाला घोकून घेतली होती: जे येतं ते नावे, जे जातं ते जमा.

त्या वहीत आईचा डबा "नावे" पडला, तेव्हा स्टीलचं एक पिंप जमेला गेलं. आता कोरण्या. दोन कांड्या आल्या, दोन उलथणी गेली. डायमंडची धार-पट्टी आली, जुनी किसणी गेली. डोक्याला लावायचं भिंग आलं, त्याला जोड म्हणून बंद पडलेली इस्त्री काढली. हे लिहिताना माझं मलाच हसू येतं. पण या नियमामुळे एक झालं. अण्णांकडच्या दोघी मुलींनी पहिल्याच महिन्यात ऑनलाइन बारा-बारा अवजारांचे संच मागवले. मी वर्षभर दोन कोरण्यांवर काढलं. तीच कांडी घासून घासून आधी ९० अंशांची, मग १०५ ची केली. त्यामुळे कोन बदलला की रेघ कशी बदलते, हे मला हातानं कळलं. अरुंद कोन खोल आणि बारीक जातो. पसरट कोन कमी खोलीत रुंद आणि झगझगीत रेघ देतो.

दुसरी अडचण मोजण्याची नव्हती. लहान वस्तू हातात धरून कोरता येत नाही, ती कशात तरी घट्ट बसवावी लागते. अण्णा लाखेच्या दांडीवर बसवतात. लाख ऊब दिली की मऊ होते, गार झाली की दगड. मी म्हटलं, अण्णा, मला लाख चालायची नाही. लाख म्हणजे झाडावरच्या किड्यांनी स्वतःभोवती केलेलं कवच. ते खरवडून काढताना किती जीव जातात त्याला गणती नाही. श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांत लाखेचा व्यापार उगीच नाही घातलेला. रेशीम सोडून मला बरीच वर्षं झाली, आता छंदासाठी लाख कुठे जवळ करू? अण्णा काही रागावले नाहीत. म्हणाले, "मग राळ घ्या. झाडाचा चीक तो, कुणाचा जीव नाही." मोठी भांडी ते राळेवरच बसवतात. राळ, विटेची वस्त्रगाळ पूड आणि थोडं तेल मंद आचेवर एकजीव करायचं. तेल जास्त पडलं तर मऊ, पूड जास्त झाली तर ठिसूळ. थोडक्यात, पाकासारखं. ते मला पहिल्या खेपेलाच जमलं. चाळीस वर्षं लाडवांचा पाक केल्याचा कुठेतरी उपयोग झाला.

तीच गत वाळूच्या उशीची. कोरताना काम ज्या गोल उशीवर ठेवून फिरवतात ती चामड्याची असते. मी मुलाच्या जुन्या जीन्सच्या दुहेरी कापडाची शिवली, आत चाळलेली, उन्हात कडक वाळवलेली वाळू. दोन वर्षं झाली, अजून उसवलेली नाही. आणखी एक पथ्य ठेवलंय. सूर्यास्तानंतर कोरायचं नाही. भिंगाजवळ मोठा दिवा लागतो आणि पावसाळ्यात त्यावर किती चिलटं येऊन पडतात ते आपण जाणतोच. शिवाय दिवसाउजेडी रेघ बरी दिसते, हा स्वार्थही आहे.

मग रेघा. तांब्याच्या दोन इंची पट्ट्यांवर एकेक मिलिमीटर अंतरानं सरळ रेघा, एका पट्टीवर पन्नास. त्या झाल्या की पट्टी उलटून पुन्हा पन्नास. तांबं चिकट असतं, टोकाला धरून बसतं, म्हणून मधूनमधून तेलाचं बोट लावावं लागतं. पितळेचा कीस कोरडा उडतो. चांदी सगळ्यांत गुणी. स्टीलच्या वाटेला मी गेले नाही. ते कोरता कोरता आणखी कठीण होत जातं. पट्ट्यांचा तो टोकेरी कीस मऊ कुंचल्यानं रोज गोळा करायचा, नाहीतर अनवाणी पायांना, आणि मुंग्यांनाही, त्रास.

सरळ रेघा महिनाभरात आल्या. वळण येईना. मी पेन धरल्यासारखा हात वळवत होते आणि दर वेळी टोक बाहेर निसटत होतं. अण्णा मागे येऊन उभे राहिले. "आक्का, तुमचा उजवा हात लई शहाणा. त्याला गप बसवा. डाव्या हातानं काम फिरवा." उजव्या हातानं फक्त पुढे रेटायचं, अंगठा धातूवर टेकवून. उशीवरचं काम डाव्या हातानं टोकाखाली फिरवत आणायचं. वळण जेवढं लहान, तेवढं डाव्या हाताचं काम जास्त. कोरणी जरा कुशीवर कलती केली की रेघ रुंदावते, सरळ केली की पुन्हा निमुळती होते. वेलीचं पान असं होतं. हे वाचायला दोन मिनिटं लागतात, हाताला कळायला माझे सात महिने गेले.

पुढच्या वर्षी पुण्यात तीन दिवसांचा वर्ग केला. तिथली तऱ्हा निराळी. प्रत्येकाला सूक्ष्मदर्शक, हवेच्या दाबावर चालणारी कोरणी आणि लोखंडी चेंडूसारखा व्हाइस, बोटानं ढकलला तरी गरगर फिरणारा. मला तो व्हाइस फार आवडला. हवेच्या कोरणीचा सगळा सरंजाम लाखाच्या पुढे जात होता, तो विषयच नव्हता. पण व्हाइस! घरी येऊन चार महिने त्याचंच चित्र डोळ्यांपुढे. शेवटी लहान आकाराचा एक वापरलेला मिळाला, १८,००० रुपयांना. सोबत वेडीवाकडी वस्तू पकडायला २० खुंट्या.

आता ही वस्तू एक, की एकवीस? मी माताजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" मी गप्प बसले. वहीत एकवीस लिहिल्या.

मग माळा उपसला. पुरणयंत्र, दुसरा सोऱ्या, इडलीचं मोठं पात्र, यांच्या निवृत्तीला मिळालेला सहा पेल्यांचा संच (यांनी दोन दिवस अबोला धरला), असं करत एकवीस भरल्या. गरजूंच्या घरी पोचवल्या. वही जुळली. पण रात्री वही मिटताना लक्षात आलं, की संख्या जुळली, किंमत नाही. माळ्यावरची दोन हजारांची अडगळ देऊन मी १८,००० चा मोह घरात आणला होता. व्रताचा शब्द पाळला, व्रत पाळलं का? कॉलेजात याला ताळेबंद सजवणं म्हणायचे. त्या पर्युषणात मी आणखी एक ओळ वाढवली. या छंदावर वर्षाला १२,००० च्या वर खर्च नाही, तांबं-पितळ धरून. व्हाइसमुळे पुढचं वर्षभर मी काही घेतलं नाही. मोह गेला म्हणाल, तर तो काही गेला नाही. हवेच्या कोरणीचे व्हिडिओ मी अजून बघते.

अक्षरांचं सांगायचं राहिलं. वर्गात आणि व्हिडिओत जी अक्षरं शिकवतात ती सगळी इंग्रजी, झोकदार वळणांची. देवनागरीला मुख्य अडचण शिरोरेखेची. सगळ्यांत सोपी वाटते आणि सगळ्यांत आधी तीच फसते, कारण केसभर वाकडी झाली तरी अख्खं नाव दारूच्या नशेत असल्यासारखं दिसतं. मी धातूवर पांढऱ्या पोस्टर रंगाचा पातळ हात देऊन, त्यावर कडक पेन्सिलीनं अक्षर काढून, सुईनं गिरवून मग कोरते. शिरोरेखा सगळ्यांत शेवटी.

त्याच काळात मला २०१८ च्या महामस्तकाभिषेकाची आठवण यायची. श्रवणबेळगोळला बाहुबली भगवंतांच्या पायाशी "श्रीचावुंडराजें करवियलें" ही ओळ आहे. मराठीतला पहिला शिलालेख म्हणून आम्ही ती शाळेत शिकलो. आता आक्षीचा लेख अधिक जुना मानतात. तेव्हा मी गर्दीत ती हात जोडून बघितली आणि पुढे सरकले. आता वाटतं, थांबून बघायला हवं होतं, "वि"ची वेलांटी त्या माणसानं एका दमात काढली की दोन? "करवियलें" म्हणजे करवून घेतलं. करवून घेणाऱ्याचं नाव ओळीत आहे, कोरणाऱ्याचं नाही. देशभरच्या दिगंबर मंदिरांत संवत १५४८ च्या संगमरवरी मूर्तींच्या पीठावर जीवराज पापडीवाल हे नाव सापडतं, ते प्रतिष्ठा करवणाऱ्याचं. ज्याच्या अंगठ्याला त्या पायी पट्ट्या बांधाव्या लागल्या असतील, तो कुठे नाही.

गेल्या श्रावणात मी आईचं झाकण हाती घेतलं. पत्रा पातळ, म्हणून झाकण उलटं धरून आत राळ ओतली, गार होऊ दिली. राळ मऊ करायला फार आच लागत नाही, त्यामुळे कल्हईला धक्का नाही. आईच्या नावात स, श आणि ल. "सौ." घालायचं की "कै.", यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी काहीच घातलं नाही. आडनावही नाही. नुसतं नाव.

तीन दुपारी लागल्या. "श" अपेक्षेपेक्षा चांगला आला. शेवटच्या "ल"चा काना खाली आणताना घुमटाच्या उतारावर मी मूठ थोडी खाली घेतली, आणि टोक निसटलं. काना होता तिथे न थांबता रेघ थेट झाकणाच्या कडेपर्यंत गेली. मी कोरणी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन णमोकार म्हणत बसले. समाधीभावानं नव्हे, रडू येऊ नये म्हणून.

शनिवारी अण्णांना दाखवलं. त्यांनी ओपणीनं, म्हणजे गुळगुळीत पोलादी कांडीनं, रेघेच्या कडा चोळून आत दाबल्या. ती फिकी झाली, गेली नाही. म्हणाले, "अजून घासलं तर पत्रा फाटंल. ऱ्हाऊ दे आक्का." राहू दिली.

क्षमावाणीला दादा-वहिनी आले. उत्तम क्षमा म्हणून झालं, फराळ झाला. मी डबा आणून वहिनीपुढे ठेवला आणि वाटणीच्या दिवशी मनात काय आलं होतं, तेही सांगून टाकलं. चांदीच्या ताटाचं. वहिनी काही बोलली नाही. तिनं पदरानं झाकण पुसलं, नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आईंचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे लिहिलेलं मी आज बघते." दादानं त्या लांबलेल्या रेघेवर अंगठा ठेवून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, हात सुटला.

डबा मी त्यांच्याबरोबर परत पाठवला. मेतकूट त्या घरचंच आहे, डबाही तिथेच शोभतो. वहीत "पितळी डबा, एक" अशी जमेला नोंद केली. म्हणजे आता माझी एक जागा रिकामी आहे. १२० अंशांच्या कोरणीसाठी एक नवी कांडी घ्यावी की नाही, ते अजून ठरत नाही.

आणि अंगठ्याचं म्हणाल, तर गेल्या महिन्यात वहिनीनं तिचा तांब्या पाठवलाय. त्यावर नाव हवंय, तिचं स्वतःचं. तांब्याचा गळा गोल आणि माझी टाच लहान पडली, तिथे टोक निसटून अंगठ्यात शिरलं. तांब्या सध्या माझ्या ओट्यावर आहे, पण तो मी मोजलेला नाही. परतीच्या बोलीवर आलेला माल आपल्या साठ्यात धरत नाहीत, हे आम्हाला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं.